बडोद्यातल्या सयाजीगंजातला क्लिअरिंग एजंट: ५ पैकी ३ स्टार, आणि 'झीरो ड्युटी' मला केवढ्याला पडली

आधीच सांगतो, एजंटचं (म्हंजे बाहेरून आलेला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याचं) नाव लिहिणार नाही. माणूस वाईट नाही, गावात रोज तोंड दिसतं, आणि अर्धी चूक माझीच होती. पण मकरपुरा जीआयडीसीत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, माझ्यासारखे छोटे युनिटवाले बरेच आहेत जे पहिल्यांदाच बाहेरून माल मागवतायत आणि कोणी "झीरो ड्युटीत काढून देतो" म्हटलं की लगेच मान डोलवतात, त्यांच्यासाठी लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमचं काम केमिकल आणि फार्मा कंपन्यांचे छोटे पंप असेंबल करणं आणि रिपेअर करणं. त्यात स्टेनलेस स्टीलचा इंपेलर लागतो, म्हंजे पंपाच्या पोटात जो पंखा फिरतो तो. वर्षाला दोन-तीनदा सहाशेचा लॉट. आधी आम्ही चीनचा माल घ्यायचो. भाडं-विमा धरून नग १००० रुपयाला न्हावाशेव्याच्या बंदरापर्यंत, त्यावर साडेसात टक्के बेसिक ड्युटी (आयात शुल्क) म्हंजे ७५, त्या ७५ वर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज साडेसात, झाले १०८२ रुपये ५० पैसे. वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), पण तो क्रेडिटमधे परत मिळतो म्हणून हिशोबात धरत नाही.

मागच्या वर्षी एजंटच म्हणाला, साहेब थायलंडहून का नाही आणत, आसियान करारात (आसियान म्हंजे थायलंड-सिंगापूरसारख्या आग्नेय आशियातल्या देशांचा गट) ड्युटी निल आहे. थायलंडवाल्याचा भाव आला १०६०. चीनपेक्षा ६० ने महाग, पण ड्युटी नाही म्हणून हातात पडतो साडेबावीस रुपये स्वस्त. सहाशे नगांवर साडेतेरा हजार. मी खुश. घरी सांगितलं तर बायको म्हणाली एवढ्यासाठी इतकी वर्षं ज्याच्याकडून घेतलं तो माणूस सोडताय? तेव्हा ऐकलं नाही.

पहिला लॉट बिनबोभाट आला आणि ते क्रेडिट एजंटलाच द्यायला हवं. बिल ऑफ एन्ट्रीची (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या फॉर्मची) चेकलिस्ट आदल्या दिवशी मेलवर, काय तपासायचं ते फोनवर समजावलं, माल पोचल्यापासून तिसऱ्या दिवशी आऊट ऑफ चार्ज, म्हंजे कस्टम्समधून सुटका, चौथ्या दिवशी टेम्पो आमच्या गेटवर. बिलसुद्धा नीट, सरकारी पावत्या वेगळ्या, स्वतःची फी वेगळी, मधेच घुसवलेलं "मिसलेनियस" नाही. ज्यांनी एजंटांची बिलं बघितली आहेत त्यांना माहितीये हे किती दुर्मिळ. तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते.

दुसऱ्या लॉटला कस्टम्सने क्वेरी टाकली. आणि इथेच मला कळलं की एजंट फॉर्म भरण्यात पटाईत आहे पण फॉर्मच्या मागे काय आहे ते त्याने कधी वाचलेलं नाही.

झालं असं. आसियान करार १ जानेवारी २०१० पासून चालू आहे, पण थायलंडच्या बंदरातून माल निघाला म्हणून तो "थाई" होत नाही. दोन्ही अटी लागतात: किमतीतला कमीत कमी ३५ टक्के भाग करारातल्या देशांत तयार झालेला हवा, आणि बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा सहा आकडी एचएस कोड (माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा कस्टम्सचा नंबर) तयार मालाच्या कोडपेक्षा वेगळा हवा. सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नावाचे नियम आलेत, त्यात ही माहिती इम्पोर्टरने स्वतःकडे ठेवायची, विचारली की १० कामाच्या दिवसांत द्यायची, आणि कागद पाच वर्षं सांभाळायचे. पूर्वी तिकडच्या सरकारचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला) दाखवलं की विषय संपायचा. आता जबाबदारी आपली. हे मला एजंटने पहिल्या लॉटलाही सांगितलं नव्हतं आणि दुसऱ्यालाही नाही. त्याचा पोरगा म्हणाला, "थई जशे साहेब, टेन्शन नई लेवानु." (होऊन जाईल, टेन्शन घ्यायचं नाही.) मी टेन्शन घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

थायलंडवाल्याला मेल केला की बाबा तुझा कॉस्टिंग दे. आधी म्हणाला कॉन्फिडेन्शियल. मग आठव्या दिवशी एक शीट आली. त्यात कास्टिंग, म्हंजे ओतून काढलेला कच्चा तुकडा, चीनहून, मशीनिंग, बॅलन्सिंग आणि पॉलिश थायलंडमधे. ३५ टक्क्यांचा आकडा कसाबसा बसत होता. मला वाटलं सुटलो. पण खरी गोम कोडमधे होती. कच्चं कास्टिंग असलं तरी त्याला इंपेलरचाच आकार असतो, आणि कस्टम्सचा नियम असा की अर्धवट वस्तूला पूर्ण वस्तूचा मूळ आकार आला असेल तर तिला पूर्ण वस्तूचाच कोड. म्हंजे चीनहून थायलंडला गेला तो पंपाचा पार्ट, आणि थायलंडहून माझ्याकडे आला तोही पंपाचा पार्ट. कोड बदललाच नाही. सवलत गेली.

मी वाद घालणार होतो, पण ऑफिसरने शांतपणे विचारलं, ह्यात थायलंडने नक्की काय बनवलं? उत्तर नव्हतं माझ्याकडे. पूर्ण ड्युटी भरली. नग पडला ११४७ रुपये ४५ पैशांना, चीनच्या भावापेक्षा जवळपास ६५ रुपये वर, सहाशेवर ३८,९७०. शिवाय माल सीएफएसमधे (बंदराजवळच्या कंटेनरच्या गोदामात) पडून राहिला त्याचे स्टोरेजचे चौदा हजार. त्या दिवसांत एजंटच्या ऑफिसात फोन केला की "साहेब जेवायला गेलेत". अकरालाही जेवायला, चारलाही जेवायला. दोन स्टार इथे गेले.

आता इथून पुढचं ज्यांना फक्त एजंट कसा आहे ते हवंय त्यांनी सोडलं तरी चालेल, शेवटी पत्त्याचं आणि रेटचं लिहिलंय. पण मला ह्या प्रकरणात एक गोष्ट समजली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी भाची एम. एस. युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्सला आहे. रविवारी दांडिया बाजारला बहिणीकडे सेव-उसळ खाताना मी हे रडगाणं गायलो तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "मामा, तू तर अख्खा व्हायनर आहेस!" म्हटलं आता हा कोण? तर जेकब व्हायनर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मधे हेच लिहून ठेवलंय. तिने पेपर नॅपकिनवर माझेच आकडे मांडले. चीनचा माल घेतला असता तर देशाबाहेर हजार रुपये गेले असते आणि साडेब्याऐंशी सरकारच्या तिजोरीत. थाई घेतला तर बाहेर गेले १०६०, तिजोरीत शून्य. तुला सुटले साडेबावीस, सरकारचे गेले साडेब्याऐंशी, म्हंजे देशाला नगामागे ६० रुपयांचा खड्डा. करारामुळे आपण स्वस्त विकणाऱ्याला सोडून महाग विकणाऱ्याकडे गेलो. ह्याला म्हणतात ट्रेड डायव्हर्जन, व्यापार वळवणं. आणि करारामुळे आपल्याकडचा महाग माल सोडून बाहेरचा खरोखर स्वस्त माल आला तर ते ट्रेड क्रिएशन, तो फायदा.

चीनकडून घ्यावं की नाही हा वेगळा विषय आहे, त्यात मी पडत नाही. चीनच्या जागी तैवान टाका, हिशोब तोच.

मग तिने जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. "मामा, सगळ्यांसाठीची ड्युटी साडेसातऐवजी पाच असती तर?" केलं गणित. हजारावर पन्नास आणि सरचार्ज पाच, १०५५. थाईपेक्षा पाच रुपये स्वस्त! मी थायलंडकडे गेलोच नसतो, सर्टिफिकेट नको, क्वेरी नको, जेवायला गेलेले साहेब नकोत. म्हंजे करार चांगला की वाईट हे करारात जेवढं लिहिलंय त्यावर नाही, कराराबाहेरच्यांसाठी आपण भिंत किती उंच ठेवलीये त्यावर आहे. आपण मात्र बातमीत फक्त "अमक्या देशाशी करार झाला" एवढंच वाचतो आणि बाहेर राहिलेल्यांचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

तर मी त्या रात्री वाचत बसलो, थोडं तिने पाठवलं, थोडं मीच शोधलं. गट केला की बाहेरच्यांसाठी दार उघडतं की बंद होतं? दोन्हीची उदाहरणं आहेत. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवतींनी ह्यालाच विचारलंय की असे करार जगाच्या खुल्या व्यापाराकडे जाणारी पायरी आहेत की वाटेतला धोंडा.

धोंड्याची उदाहरणं बघा. एस्टोनिया, एवढासा देश, १९९० च्या दशकात जवळपास सगळ्या जगाचा माल बिनड्युटीचा येऊ द्यायचा. २००४ मधे युरोपियन युनियनमधे गेला आणि युरोपची सामाईक बाहेरची ड्युटी लावावी लागली. शेजाऱ्यांसाठी खुला, बाकी जगासाठी आधीपेक्षा बंद. कझाकस्तानचं तसंच, २०१० मधे रशिया आणि बेलारूसबरोबर कस्टम्स युनियन (बाहेरच्यांसाठी सगळ्यांची ड्युटी एकच) केली आणि रशियाच्या उंच ड्युटीच्या जवळ जाताना बऱ्याच वस्तूंवरची स्वतःची ड्युटी वाढवावी लागली. ब्रिटन १९७३ मधे युरोपच्या गटात गेला तेव्हा न्यूझीलंडच्या लोण्या-मटणाचं हक्काचं गिऱ्हाईक हातातून जायला लागलं, त्यांना नवी बाजारपेठ शोधत जगभर फिरावं लागलं. मेक्सिको तर कमालच. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका-कॅनडाबरोबरचा नाफ्टा करार सुरू, वर्षाअखेर त्यांचं चलन पेसो कोसळलं, १९९५ मधे सरकारला कोणावर तरी ड्युटी वाढवायची होती, अमेरिका-कॅनडाला हात लावता येईना, मग कपडे, बूट-चपला वगैरेंवर करार नसलेल्या देशांसाठी ३५ टक्क्यांपर्यंत नेली. घरातल्या भांडणाचा राग शेजाऱ्यावर.

तुम्ही म्हणाल नियम नाहीत का? आहेत. गॅट नावाच्या जागतिक व्यापार कराराच्या चोविसाव्या कलमात लिहिलंय की गट केल्यावर बाहेरच्यांसाठीची ड्युटी एकंदरीत आधीपेक्षा वाढता कामा नये. पण पळवाट अशी की देशांनी डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) कबूल केलेली वरची मर्यादा आणि प्रत्यक्ष लावलेली ड्युटी ह्यात बरीच जागा असते. आपलंच घ्या, कबूल केलेली सरासरी पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि प्रत्यक्षात सोळा-सतरा. मधे केवढं मैदान आहे बघा.

आता पायरीची बाजू. आसियानवाल्यांनी १९९२ मधे आपसातला मुक्त व्यापार करार केला, पण त्याच काळात बऱ्याच देशांनी बाहेरच्यांसाठीही ड्युटी खाली आणली, सिंगापूरची तर आधीपासून जवळपास शून्यच. त्यामुळे आपसातली सवलत आणि बाहेरची ड्युटी ह्यातला फरक इतका कमी राहिला की बरेच व्यापारी सवलतीचा फॉर्म भरायचेच नाहीत. हे वाचून मला फार बरं वाटलं. जिथे फॉर्म भरायची गरजच पडत नाही तो करार खरा.

आणि एक पेपर भाचीने पाठवला, २००८ चा, लॅटिन अमेरिकेतल्या १० देशांचा १९९० ते २००१ पर्यंतचा डेटा. त्यात निघालं की ज्या वस्तूवर शेजाऱ्याला सवलत दिली, त्या वस्तूवर पुढे बाहेरच्यांसाठीही ड्युटी कमी होत गेली. पण कधी? मुक्त व्यापार करार असेल तर. कस्टम्स युनियन असेल, ब्राझील-अर्जेंटिना वगैरेंच्या मर्कोसुरसारखी, तर तसं दिसत नाही. कारण सरळ आहे, मुक्त करारात बाहेरची भिंत ज्याची त्याच्या हातात, वाटलं तर उद्या उतरवा. कस्टम्स युनियनमधे भिंत सगळ्यांची सामाईक, एक वीट काढायची तरी चौघांची सही लागते आणि त्यातल्या कोणाचा तरी कार कारखाना त्या विटेवर उभा असतो. दुसरीकडे अमेरिकेबद्दल २००६ मधे उलटं निघालं, ज्या वस्तूंवर त्यांनी करारवाल्यांना सवलत दिली होती त्यांवरच जगासाठीची ड्युटी त्यांनी कमी उतरवली. म्हंजे इकॉनॉमिक्सवाल्यांचंही एकमत नाही, आपण तर पंपवाले.

पण भिंत ज्याची त्याच्या हातात असली की दुसरी कटकट सुरू होते, तीच माझ्या गळ्यात आली. गटातल्या ज्या देशाची भिंत सगळ्यात बुटकी, त्याच्या अंगणातून सगळ्यांचा माल आत यायला बघतो. भारत-श्रीलंका करार मार्च २००० पासून लागू झाला, आणि थोड्याच वर्षांत तिकडे वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले. श्रीलंकेत पाम तेल कमी ड्युटीत यायचं, आपल्याकडे जास्त, मग तेल तिकडे उतरवा, वनस्पती बनवा आणि बिनड्युटीचं इकडे पाठवा. तांब्याचंही तसंच झालं. श्रीलंकेत पाम तेलाचं पीक ते केवढंसं! म्हणून ओरिजिनचे नियम, म्हणून ३५ टक्के, म्हणून माझा इंपेलर न्हावाशेव्याला अडकला. नियम जाचक आहेत पण बिनकारणाचे नाहीत, हे मी चिडलेलो असतानाही मान्य करतो.

आमच्या बडोद्याला खरं तर हे सगळं नवं नाही. सयाजीराव महाराजांनी ओखा बंदर उभं केलं, १९२६ मधे चालू झालं, आणि १९२७ मधे इंग्रजांनी विरमगामची जकात-रेषा परत लावली, ती १९१७ मधे उठवली होती. काठियावाडच्या बंदरांत उतरलेला माल ब्रिटिश हद्दीत शिरताना तिथे अडवायचे. बंदर तुमचं, भिंत आमची. वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा मला वाटायचं जुन्या लोकांच्या तक्रारी.

बरं, आता ह्यात माझ्याकडून एक भर. देशातली भिंत पडली तरी बाहेरच्याला फटका बसतो, हे कोणी लिहीत नाही. प्रकरण संपल्यावर मी कोल्हापूरला शिरोलीच्या एका फाउंड्रीकडून भाव मागवला. १०९० रुपये पोच. २०१७ मधे जीएसटी यायच्या आधी ह्यावर दोन टक्के सीएसटी (परराज्यातून आणलेल्या मालावरचा केंद्राचा विक्रीकर) लागायचा ज्याचं क्रेडिट नाही, नग १११२ च्या घरात जायचा, वर त्या दोन टक्क्यांच्या दरासाठी लागणाऱ्या सी फॉर्मच्या मागे लागा, भिलाडच्या चेकपोस्टवर गाडी रात्रभर उभी. आजचाच भाव आणि आजचीच ड्युटी धरली तर तेव्हा चीनसमोर कोल्हापूर तीस रुपये मागे असतं, आता साडेसात. आपलेच दोन प्रांत जवळ आले आणि चीनवाल्याचा धंदा थोडा घटला, ड्युटी एक पैशाने न वाढवता. ह्यात मला काही वाईट दिसत नाही, पण चीनवाल्याला विचारलं तर तो नक्की म्हणेल की भारताचा दरवाजा थोडा लोटला गेला.

शेजारच्या शेडमधले पटेलभाई ह्याची दुसरी बाजू सांगतात. ते युरोपला माल पाठवतात. आधी वाटायचं युरोप म्हंजे किल्ला, पण एकदा सीई मार्किंगचं (माल युरोपच्या नियमांत बसतो ह्या खुणेचं) काम नीट केलं की तोच माल जर्मनीत, तोच पोलंडमधे, २७ देशांत चालतो. पूर्वी प्रत्येक देशाचा वेगळा नियम असता तर त्यांच्यासारख्या बारा माणसांच्या युनिटला जमलंच नसतं. म्हंजे गटाने बाहेरच्यासाठी दार एकच ठेवलं, पण त्याची चावी सगळ्या खोल्यांना लागते. चावी बनवायचा खर्च मात्र विचारू नका, पटेलभाई त्यावर तासभर बोलतात.

असो. एजंटवर परत येतो.

प्रकरण मिटल्यावर मी त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. तो स्वतः भेटला, जेवलेला. चूक मान्य केली असं म्हणणार नाही, पण दुसऱ्या लॉटची फी साडेसहा हजार होती त्यातले तीन हजार कमी केले आणि चहा पाजला. मी म्हटलं, शेठ, पुढच्या वेळी सवलत क्लेम करायच्या आधी सप्लायरकडून कॅरोटारचा फॉर्म १ भरून घ्यायचा, चेकलिस्टच्या आधी, आणि तो मला दाखवायचा. त्याने डायरीत लिहून घेतलं. खरं सांगू, मला वाटतं त्याला कोडचा तो मुद्दा माझ्याकडूनच पहिल्यांदा कळला.

कोणासाठी चालेल: तुम्ही साधी पूर्ण ड्युटी भरून माल काढणार असाल, तर डोळे झाकून जा. फायलिंग फास्ट, हिशोब स्वच्छ, सीएफएसमधे त्याचा माणूस ओळखीचा. पण आसियान, जपान, कोरिया, यूएई, कुठल्याही कराराची सवलत घ्यायची असेल तर त्याच्यावर सोडू नका, स्वतः वाचा, सप्लायरला आधी विचारा की तुझा कच्चा माल कुठून येतो आणि त्याचा कोड काय, आणि तो कॉन्फिडेन्शियल म्हणाला की ऑर्डर तिथेच थांबवा. सवलतीतून सुटणारी रक्कम लॉटमागे पंधरा-वीस हजारांच्या आत असेल तर मी तरी नादाला लागणार नाही.

रेट: साध्या एलसीएल (दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधे आलेल्या) शिपमेंटला साडेसहा हजार अधिक जीएसटी, वाहतूक वेगळी. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा भरवसा नाही, खाली पार्किंग मिळत नाही त्यामुळे स्कूटरनेच जा. शनिवारी दोननंतर जाऊ नका, कोणी नसतं.

ह्या महिन्याचे दोनशे नग मी कोल्हापूरला दिलेत. परवा फाउंड्रीवाल्यांचा फोन आला, "दादा, पन्नास टक्के ॲडव्हान्स टाका की, मगच साचा चढवतो." ॲडव्हान्स टाकला, माल अजून यायचाय.